गस्त घालावी, पण कशी?

धान कापले, पुंजणे लागले, की राखण आली. चार जण काठी आणि बॅटरी घेऊन रात्री गावाभोवती फिरतात. हे चांगले काम आहे. पण अंधारात परका माणूस दिसला, तर काय करावे?

लोक आम्हाला विचारतात, "गुरुजी, चोर अंगावर आला, तर हात जोडून उभे राहायचे का?"

नाही. कायदा तसे म्हणत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या 34 ते 44 या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. आपला जीव, शेजाऱ्याचा जीव, आपला माल, शेजाऱ्याचा माल, हे सारे राखता येते.

पण बांधीला धुरा असतो, तसा या हक्कालाही आहे. प्रतिकार जरुरीपुरताच करावा. चोराने कुऱ्हाड उगारली, आपण काठीने ती पाडली. हे रक्षण झाले. मग त्याचे हात बांधले आणि दहा जणांनी त्याला तुडवले. हे रक्षण नव्हे, हा गुन्हा. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल, तर हा हक्कच उरत नाही.

कोणी म्हणतील, "पोलीस येईपर्यंत चोर पळतो, त्याचे काय?" हे बोलणे खोटे नाही. म्हणून डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला कोणीही पकडू शकतो. मात्र विनाकारण उशीर न लावता, 6 तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. नुसता संशय पुरत नाही.

संशय काय करतो, ते पाहा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा गाव आहे. 1 जुलै 2018 ला तिथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आले. भिक्षा मागून पोट भरणारी माणसे ती! मुले पळवणारी टोळी आली, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. लोकांनी त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारले. पाचही मेले. ज्या खोलीत त्यांना सुखरूप ठेवून पोलिसांची वाट पाहायची, तिथेच त्यांचा जीव गेला.

पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे अफवेमुळे गावकरी रात्री पहारा देत होते. 16 एप्रिल 2020 च्या रात्री तिथे दोन साधू आणि त्यांचा मोटारचालक मारले गेले. पहारा गाव राखण्यासाठी होता, पण त्यातून तीन निरपराध माणसे मेली.

"मी मारले नाही, फक्त धरले," असे म्हणून सुटता येत नाही. अनेकांनी एका हेतूने गुन्हा केला, तर तो प्रत्येकाने केला असे कायदा मानतो.

म्हणून गस्तीला जाताना एवढे करावे. पाळीवर कोण आहे, ते पोलीस पाटलांना आधी सांगावे. दारू पिऊन कोणी जाऊ नये. परका दिसला, तर दुरून हाक मारावी आणि नाव-गाव विचारावे. शंका आली, तर 112 नंबर लावावा. कोणी हात उचलू लागला, तर आपल्याच माणसाचा हात धरावा. ती हिंमत मोठी आहे.

प्रश्न
1. स्वसंरक्षणाचा हक्क केव्हा संपतो?
2. पकडलेल्या माणसाला किती तासांच्या आत पोलिसांकडे द्यावे?
3. आपल्या गावात अफवा आली, तर ती खरी की खोटी हे कोणाला विचाराल? चर्चा करा.