साथरोगांचा स्वतंत्र अभ्यास: पैसा कुठे लागतो, कुठे लागत नाही

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या दापोऱ्यात राहून, कुठल्याही संस्थेच्या नोकरीशिवाय, साथी कशा पसरतात याचा अभ्यास करता येईल का? एम.एस्सी. झालेल्या मुलामुलींनी हा प्रश्न जरूर विचारावा. उत्तर होकारार्थी आहे. मात्र घरचे ज्या खर्चाला घाबरतात तो यात नाही, आणि जो आहे त्याचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

प्रयोगशाळा थाटायची नाही. घरात जंतू वाढवणं धोक्याचं आहे. नमुने तपासायचेच असतील तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच. आजार एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे काम बरंचसं नोंदींचं आणि गणिताचं आहे. मुंबई बेटावरच्या १९०५-०६ च्या प्लेगमध्ये आठवड्याला किती मृत्यू झाले, ते आकडे घेऊन केरमॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी १९२७ मध्ये आपलं गणित पडताळून पाहिलं. साथीचं गणित शिकणारा आजही तिथूनच सुरुवात करतो.

म्हणजे मुख्य खरेदी लॅपटॉपची. साधारण ४०-५० हजारांचा पुरतो, वापरलेला चांगला मिळाला तर तोही चालेल. आकडेमोडीसाठी ‘आर’, नकाशांसाठी ‘क्यूजीआयएस’, संदर्भ सांभाळायला ‘झोटेरो’, सगळं फुकट. चोरीची सॉफ्टवेअर घेण्याचं कारणच उरत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) चेन्नईतल्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाचा प्राथमिक अभ्यासक्रम ऑनलाइन मोफत आहे. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर हजारेक रुपये धरा.

आकडेही बरेचसे मोफत आहेत. केंद्र सरकारचा एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून चालू आहे. त्याच्या साप्ताहिक याद्यांत जिल्हा, आजार, रुग्ण, मृत्यू आणि साथ सुरू झाल्याची तारीख असते. जे यादीत नाही ते माहितीच्या अधिकारात मागा. केंद्राच्या कार्यालयासाठी अर्जाची फी १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवस.

प्रश्नही दूर शोधायला नको. जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. नळ आल्यानंतर हगवणीच्या, काविळीच्या साथी कमी झाल्या का? माझ्या मते हा प्रश्न एखाद्या तरुणाने पहिली दोन वर्षं द्यावीत इतका मोलाचा आहे. एक सावधगिरी बाळगा: यादीत साथ नाही याचा अर्थ गावात साथ नव्हती असा होत नाही, कदाचित ती कळवलीच गेली नसेल. त्यात हा जिल्हा सीमेवरचा. इकडचा रुग्ण रावेरला किंवा जळगावला उपचाराला गेला की त्याची नोंद महाराष्ट्रात होऊ शकते. म्हणून दोन्ही राज्यांकडे अर्ज करावे लागतात. खर्च फार वाढत नाही, महिने वाढतात.

वाचनाची मात्र अडचण आहे. ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेत केंद्राने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले आणि सुमारे १३,००० नियतकालिकं खुली केली, पण ती सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधन संस्थांमधल्यांना. घरी बसलेल्या अभ्यासकाला ती मिळत नाहीत. ही उणीव सरकारने दूर करायला हवी. तोवर ‘पबमेड सेंट्रल’वर शोधा, तिथे नसेल तर लेखकालाच ईमेल करा, बरेच जण निबंध आनंदाने पाठवतात.

माणसांना प्रश्न विचारायचे, घरोघर फिरायचं, रक्त घ्यायचं, तर नैतिकता समितीची परवानगी आधी हवी. ती व्यक्तीला एकट्याने मिळवणं कठीण. खंडवा किंवा जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या जनऔषधवैद्यक विभागातला एखादा प्राध्यापक सोबतीला घ्या आणि समितीची फी आधी लेखी विचारा. परदेशी सहकारी असेल तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते. वैद्यकीय चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करायला पैसे पडत नाहीत.

खिसा रिकामा होतो तो छपाईत. खुल्या नियतकालिकांची फी सहज एक ते तीन हजार डॉलर असते, आणि गरीब देशांना मिळणारी सरसकट माफी अनेक प्रकाशक भारताला देत नाहीत. निबंध पाठवण्याआधीच माफीचा अर्ज करा किंवा फी न घेणारं नियतकालिक निवडा. ‘मेडआर्काइव्ह’वर पूर्वप्रत ठेवणं मोफत आहे. आठवड्याभरात छापून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

छपाई सोडून पहिल्या वर्षाचा खर्च, माझ्या अंदाजाने, लॅपटॉप, इंटरनेट आणि प्रवास धरून ६०-६५ हजार. लॅपटॉप घरात असेल तर वीस हजारांच्या आत.

याहून मोठी रक्कम न मिळालेल्या पगाराची. संस्थेत पीएच.डी. करणाऱ्या कनिष्ठ संशोधन फेलोला (जेआरएफ) जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, वर घरभाडं. वर्षाला जवळपास साडेचार लाख. पदरमोड करून साथींचा अभ्यास करणं नवं नाही. लंडनच्या पाण्यातून कॉलरा पसरतो हे दाखवणारे जॉन स्नो भूल देण्याच्या व्यवसायावर पोट भरत. कॉलऱ्यावरच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी त्यांनी पदरचे २०० पौंडांहून जास्त घातले. परत आले ते जेमतेम तितके शिलिंग, असं त्यांच्या मित्राने लिहून ठेवलंय. पुण्याच्या डॉ. मोनाली रहाळकर आणि डॉ. राहुल बाहुलीकर या दांपत्याने चीनमधल्या मोजियांगच्या खाण कामगारांच्या २०१२ च्या न्यूमोनियात कोविडच्या उगमाचे धागे शोधणारा निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध केला. तो उगम अजून वादातच आहे, पण त्यांनी पुराव्यासाठी जुने प्रबंध आणि उपलब्ध माहितीच धुंडाळली. दोघंही पुण्यातल्या संस्थांत शास्त्रज्ञ होते, हे विसरू नका.

म्हणून पहिली दोन वर्षं नोकरी, शिकवणी किंवा केळीची बाग सोडू नका. पहिला अभ्यास हाताशी आला की तो घेऊन जेआरएफसाठी प्रयत्न करा. त्यासाठीची सीएसआयआर-नेट परीक्षा साधारणपणे वर्षातून दोनदा होते.