गुप्त मतदान : मत कळतं का?



निवडणूक ग्रामपंचायतीची असो, विधानसभेची असो की आपल्या कारखान्याची असो, काट्यावर नंबर येईपर्यंत बसलेल्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. "मत कुणाला दिलं ते मागाहून कळतं का हो?" विचारणारा हसत विचारतो, पण त्यामागं धास्ती असते. पाण्याची पाळी, सोसायटीचं कर्ज, तोडीचा नंबर, पोराची नोकरी. शेतकऱ्याचं काही ना काही दुसऱ्याच्या हातात असतंच. म्हणून हा विषय जरा मुळापासून पाहू.

मत गुप्त असणे ही गोष्ट फार जुनी नाही. इंग्लंडात १८७२ पर्यंत मत तोंडाने सांगावे लागे. मतदाराने चारचौघांत उभे राहून उमेदवाराचे नाव घ्यायचे आणि कारकुनाने ते वहीत उतरवून घ्यायचे. पुष्कळ ठिकाणी या वह्या छापूनही निघत. म्हणजे कोणत्या कुळाने कुणाला मत दिले, हे जमीनदाराला घरबसल्या वाचायला मिळे. १८६८ च्या निवडणुकीत वेल्स प्रांतातल्या काही कुळांनी जमीनदाराच्या मर्जीविरुद्ध मत दिले. नंतर त्यांच्यातल्या कित्येकांना जमिनीवरून उठवण्यात आले. मत देण्याचा हक्क कायद्याने दिला होता, पण तो वापरल्याची किंमत घरादाराने मोजली. या प्रकाराचा बोभाटा झाला आणि १८७२ साली गुप्त मतदानाचा कायदा आला. त्याआधी १८५६ सालीच ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी ही पद्धत सुरू केली होती.

नव्या कायद्याखाली इंग्लंडातली पार्लमेंटची पहिली पोटनिवडणूक १५ ऑगस्ट १८७२ रोजी पाँटेफ्रॅक्ट गावी झाली. ते गाव ज्येष्ठमधाच्या गोड वड्यांसाठी प्रसिद्ध. मतपेटीला लाखेचे सील करताना तिथल्या वड्यांच्या कारखान्याचा ठसा वापरला गेला! गोड धंद्याचा आणि गुप्त मतदानाचा संबंध असा जुना आहे.

आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती, पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने आडोशाला जाऊन कागद हव्या त्या पेटीत टाकायचा, बस्स. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना हे सोपे पडले. पण एक खोट होती. कागदावर काहीच खूण करायची नसल्याने एखादा तो पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणी, आणि बाहेर तो विकत घेणारेही भेटत. पुढे १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत एकच मतपत्रिका आणि तिच्यावर शिक्का, ही पद्धत रूढ झाली.

हा शिक्काही विचार करून केलेला आहे. मतपत्रिकेची घडी घातली आणि शाई ओली असली, की छाप समोरच्या नावावरही उमटतो. साधी फुली उलटी छापली तरी फुलीच दिसते, मग मत कुणाचे म्हणायचे? म्हणून शिक्का असा केला, की त्याच्या फुलीचे बाण एका बाजूला वळलेले असतात. उलट्या छापात ते दुसऱ्या बाजूला वळतात. खरा शिक्का कोणता आणि डाग कोणता, ते मोजणाऱ्याला लगेच कळते.

काही जण म्हणतात, मतपत्रिकेच्या स्थळप्रतीवर नंबर असतो, तिथं सही-अंगठा घेतात, मग जुळवून पाहिलं तर? नंबर असतो हे खरे. पण मोजणीनंतर मतपत्रिका आणि स्थळप्रती वेगवेगळ्या पाकिटांत सीलबंद होतात आणि न्यायालयाच्या हुकुमाशिवाय त्या उघडता येत नाहीत. कोर्टातसुद्धा "तुम्ही मत कुणाला दिलं?" असे सांगण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तशी तरतूदच आहे.

यंत्र आल्यावर शंका बदलली. यंत्राशेजारच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि आपोआप कापून खाली पडते. तिच्यावर उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव, चिन्ह असते. मतदाराचे नाव नसते. सकाळी मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मते चाचणीसाठी टाकून, मोजून, पुसून टाकतात. रिकामा काटा शून्यावर आहे का ते आपण गाडी घालण्याआधी पाहतो, तसेच हे.

आता थोडे वेगळे. गुप्तता ही मतदाराची केवळ सवलत नाही, ते त्याच्यावर बंधनही आहे. मत दिल्यावर मतपत्रिका दुसऱ्याला दाखवली, तर केंद्राध्यक्ष ती रद्द करू शकतो. कुणी म्हणेल, माझं मत, मी दाखवीन! पण दाखवायची मुभा दिली, की दाखवण्याची सक्ती सुरू होते. पाकीट वाटणाऱ्याला पावती हवी असते, आणि आता ती पावती म्हणजे मोबाइलचा फोटो. म्हणून आत फोटो काढायला मनाई आहे. पैसे देणाऱ्याला माल पोचला की नाही हे कळायला मार्ग नसला, की त्याचा धंदा आपोआप कच्चा पडतो.

राज्यसभेची निवडणूक याला अपवाद. तिथे २००३ पासून आमदाराने मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची असते, पण फक्त त्यालाच. ऑगस्ट २०१७ मध्ये गुजरातेत दोन आमदारांनी ती दुसऱ्यालाही दाखवली आणि निवडणूक आयोगाने दोन्ही मते रद्द ठरवली. आमच्या मते आमदारांचा नियम आमदारांना लखलाभ, आपला आडोसा बरा.

घरच्या म्हाताऱ्या आईबरोबर आत जाऊन बटण दाबणारी मुलेही आपण पाहतो. दृष्टी नसेल किंवा शारीरिक अडचणीमुळे बटण दाबता येत नसेल, तरच सोबती नेता येतो. त्यालाही मत गुप्त ठेवण्याचे लिहून द्यावे लागते, आणि त्या दिवशी तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. नुसते वय झाले एवढ्यावर मुलाला आईचे मत टाकता येत नाही.

एक कमतरता मात्र सांगितली पाहिजे. माणसाचे मत कळत नाही, पण बूथचे कळते. कागदी मतपत्रिका अनेक बूथांच्या एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमात होती. यंत्राची मोजणी बूथवार होते, त्यामुळे कोणत्या वस्तीने कुणाला किती मते दिली ते संध्याकाळपर्यंत सर्वांना ठाऊक होते. मग "तुमच्या वाडीनं आम्हाला काय दिलं?" असे टोमणे सुरू होतात, आणि कधी रस्ताही मागे पडतो. अनेक यंत्रांची एकदम बेरीज दाखवणारे उपकरण वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ साली सुचवले. विधि आयोगानेही २०१५ साली तीच शिफारस केली. सरकारने ती मानलेली नाही. लहान वाड्यांच्या दृष्टीने ती मानायला हवी होती, असे आम्हाला वाटते.

आता आपल्या कारखान्याचे. शेअर एक असो की पंचवीस, मत एकच, हे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने ठरलेले आहे. गटात जितक्या जागा, त्याहून जास्त शिक्के मारले तर त्या गटाचे मत बाद. मतपत्रिकेवर सही, नाव, अंगठा किंवा ओळख पटेल असे काही लिहिले तरी बाद, कारण त्याने मत कुणाचे ते उघड होते. काही जण प्रामाणिकपणे सही करतात, बँकेच्या स्लिपवर करतात तशी. ती करू नये.

राहिला बेल-भंडारा. मतदानाच्या आदल्या रात्री देवळात नेऊन भंडारा उचलायला लावायचा, हा प्रकार आपल्या भागाला नवा नाही. लोकसभा-विधानसभेच्या कायद्यात देवाच्या कोपाची भीती घालून मत मागणे हा भ्रष्ट मार्ग धरला आहे, आणि तो सिद्ध झाला तर निवडून आलेल्याची निवडही रद्द होऊ शकते. अशा शपथेला कायद्यात काडीची किंमत नाही. आडोशामागं मतदार एकटाच असतो, आणि शपथ घालणारा बाहेर रांगेत.