शेजारच्या सीटवर कुणी नसताना

पोरी, साल्हेरच्या किल्ल्याला तू एकटीच गाडी घेऊन निघणार आहेस हे तुझ्या आईकडून कळलं. मी अडवणार नाही. निघालेल्या भाचीला अडवून मामाला आजवर काही मिळालेलं नाही.

मी पंचवीस वर्षं पिंपळगावातून द्राक्षं आणि टोमॅटो भरून वणी-सापुताऱ्याच्या रस्त्याने सुरतेला गेलो, पण गाडीत एकटा कधीच नव्हतो. शेजारी क्लीनर असायचा. चाक अडवणारी उटी तो लावायचा, टायर ठोकून तो बघायचा, डावी बाजू तो सांभाळायचा, रात्री मला पेंग आली की बोलत तो राहायचा. लोक म्हणायचे, ड्रायव्हरने माल पोचवला. अर्धा त्याने पोचवलेला असायचा. तुझ्या शेजारची सीट रिकामी आहे, म्हणजे त्याची सगळी कामं आता तुझ्याकडे आली.

१. पहाटे पाचला पिंपळगाव सोड आणि जेवण झालं की परत फिर — देवळा-सटाण्यावरून ताहाराबादला गेलीस की तिथून मुल्हेरकडे जाताना सकाळचं ऊन पाठीशी असतं, आणि दुपारनंतर परतताना तेही पाठीशीच राहतं. पहाटे निघालेल्याने उजेडातच घरचा उंबरा बघावा.

२. सटाण्यात टाकी भर, अर्धी भरलेली असली तरी. तुझी गाडी सीएनजीची, तेव्हा चढ लागला की पेट्रोलवर घे — सीएनजीवर गाडीची ओढ कमी पडते, आणि आडरस्त्याला पंप शोधत फिरण्यात दिवस जातो.

३. स्टेपनीत हवा आहे का, एवढंच बघून भागत नाही. आदल्या दिवशी अंगणात एक चाक स्वतः काढ आणि स्वतः बसव — पंक्चरवाला हवेच्या मशीनने नट इतके आवळतो की हाताच्या पान्याने ते हलत नाहीत, आणि हे कळायची जागा आपलं अंगण आहे, घाट नव्हे. नट जाम असतील तर त्याच्याकडूनच सैल करून हाताने आवळून घे, आणि पान्यावर चढेल असा हातभर लोखंडी पाइप डिकीत टाक. पाटाएवढी एक जाड फळीही घे — मुरमात जॅक खाली रुततो, गाडी वर उचलली जात नाही.

४. चाक बदलायची वेळ आलीच तर चढा-उतारावर बदलू नकोस. टायर खराब झाला तर झाला, पण सपाट जागेपर्यंत हळूहळू ने — टायर विकत मिळतो. हँडब्रेक, पहिला गिअर, चाकांना उटी, आणि नट सैल करायचे ते जॅक लावण्याआधी — उचललेल्या गाडीवर जोर लावला की ती जॅकवरून सरकते.

५. कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत फोन करणार, हे मामीला सांगून जा — रेंज नसलेल्या माणसाची काळजी कधी सुरू करायची, हे घरच्यांना ठाऊक असावं. अडचणीत ११२ लावून बघायचा कंटाळा करू नकोस — आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. रुग्णवाहिकेचा १०८ तर पाठ हवाच.

६. हा कानमंत्र मला फार उशिरा कळला. वाटेत विचारताना "रस्ता जातो का?" असं विचारू नकोस. "एसटी येते का? काल पिकअप गेला का?" असं विचार — पायी जाणाऱ्याच्या लेखी रस्ता सगळीकडेच जातो, आणि तो खोटंही बोलत नसतो. एसटी वळते तिथे तुझी गाडी नक्की वळेल. फोनमधला नकाशा जवळची वाट दाखवील तेव्हा तर हे विचारल्याशिवाय स्टिअरिंग वळवू नकोस. नकाशाला अंतर कळतं, मुरूम कळत नाही.

आपल्या डोंगरात खिंडीला बारी म्हणतात. भावडबारी, सेलबारी, कांचनबारी. १६७० मध्ये सुरत लुटून परतताना शिवाजी महाराजांची मोगलांशी गाठ पडली ती या कांचनबारीच्या परिसरातच. वणी-दिंडोरीची लढाई ती हीच. सांगायचं कारण एवढंच की मुळात या वाटा बैलांच्या आणि घोड्यांच्या. मोटार तिथे पाहुणी आहे, तिने पाहुणीसारखं वागावं.

७. डांबर संपून खडी लागली की आधी वेग निम्मा कर, मग पुढचा विचार — सुटी खडी चाकाखाली मण्यांसारखी फिरते. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबायला चौपट अंतर लागतं, आणि एबीएसवाल्या गाडीलाही खडीवर डांबरापेक्षा जास्तच लागतं. खडीवर घाई, समोर खाई.

८. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर मार. वळणात पाय हलका आणि हात शांत ठेव — वळताना दाबलेला ब्रेक गाडीला बाहेरच्या अंगाला ढकलतो.

९. आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोरीतून चाल. पावसाळ्यानंतर साईडपट्टीवर चाक घालू नकोस — वरून सपाट दिसणारा भराव आतून ओला असतो, आणि दरीकडची कड आधी सुटते.

१०. पुढच्या गाडीचा धुरळा उडत असेल तर थांब, पाणी पी, धुरळा बसू दे — धुरळ्यात समोरची गाय दिसत नाही, आणि टायरखालून उडालेला खडा काच फोडतो.

११. ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर. न्यूट्रल कधीही नाही, इंजिन बंद तर मुळीच नाही — बंद इंजिनाने ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंग जड.

यावर जरा बसते का? तिशीत असताना डिझेल वाचवायला मी सापुताऱ्याचा उतार न्यूट्रलमध्ये उतरलो. मागे टोमॅटोचे क्रेट छतापर्यंत. चार वळणांत ब्रेक तापले, जळका वास आला, आणि पाचव्या वळणाला पाय थेट आत गेला. हँडब्रेक ओढून, गाडी डोंगराच्या अंगाला घासत मी वेग कमी केला. क्लीनरने चालत्या टेम्पोतून उडी मारली आणि चाकाखाली उटी सरकवली. त्याचं कोपर सोललं होतं. मी त्या दिवशी वाचवलेलं डिझेल दोन लिटरही नसेल. त्याच्या कोपरावरचा वण मी पुढे कितीतरी वर्षं रोज बघितला. म्हणून वास आला की थांब, गिअरमध्ये उभी कर, अर्धा तास जाऊ दे, पण तापल्या चाकावर पाणी ओतू नकोस — तापलेलं लोखंड गार पाण्याने तडकतं.

१२. अरुंद जागी समोरून गाडी आली तर चढणाऱ्याला आधी जाऊ दे — उतारावर थांबलेली गाडी सहज निघते, चढावर थांबलेली मागे सरकते. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांतही हेच लिहिलंय, पण आमचे जुने ड्रायव्हर ते न वाचताच पाळायचे.

१३. मागे गेलेली प्रत्येक रुंद जागा मनात मोजत चाल. रिव्हर्स घ्यायची वेळ आली तर आधी खाली उतर, मागे चालत जा, डोळ्यांनी बघ, मग घे — आरशाला दरीची कड दिसत नाही, आणि पूर्वी मागून पत्र्यावर थाप मारणारा हात तुझ्याकडे नाही.

१४. आंधळ्या वळणाला हॉर्न दे आणि काच थोडी उघडी ठेव — दिलेल्या हॉर्नचं उत्तर ऐकू यायला हवं. गाणी नंतर.

१५. फरशी पुलावर पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं वाटलं तरी गाडी घालू नकोस — फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलतं, आणि खालची फरशी जागेवर आहे की नाही हे वरून कळत नाही. डोंगरातला ओढा जसा चटकन चढतो तसा चटकन उतरतोही. तास-दोन तास बसून राहा.

१६. चैत्रात आणि कोजागरीला सप्तशृंगीच्या गडाच्या वाटेवर अंधारातही माणसं चालत असतात, कुणाच्या खांद्यावर कावड, कुणाच्या पायात काही नाही. वणी-नांदुरीच्या अंगाने आलीस तर दिवे डिपरवर ठेव आणि रांगेला हॉर्न मारू नकोस — दचकलेला माणूस कुठल्या बाजूला सरेल सांगता येत नाही. द्राक्षांच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचंही भान ठेव, पुष्कळांना मागे दिवा नसतो.

१७. साल्हेर १,५६७ मीटरचा, आपल्या राज्यात कळसूबाईखालोखाल उंच. दिसला की नजर तिकडे जाणारच, माझीही जायची. बघायचं असेल तर गाडी बाजूला घे, उतर आणि पोटभर बघ — गाडी नजरेमागे जाते, हे खडीवर फार लवकर कळतं.

१८. जांभई आली की पुढच्या गावापर्यंत ओढू नकोस, तिथेच वीस मिनिटं डोळे मीट — शेजारी बोलायला कुणी नाही.

मामीने भाकरी आणि ठेचा बांधून देईल, पाण्याचे दोन कॅन मागच्या सीटच्या पायाशी घट्ट बसवलेत. डिकीच्या कोपऱ्यात एक काळी पडलेली लाकडी पाचर सापडेल. बाभळीची आहे. ती माझ्या टेम्पोची उटी. परत आलीस की आणून दे.