तळ्याच्या गाळातील कासव

एप्रिल-मे महिन्यांत माळव्यातील तळी आटली की आपण गाळ उपसून शेतात टाकतो. त्या गाळात कधी कधी कुदळीला एक मऊ, गोल ढेकूळ लागते. ते ढेकूळ नसते, जिवंत कासव असते. ते तेथे कसे आले व त्याचे काय करावे, हे माहीत असणे बरे.

शास्त्रज्ञ त्याला लिसेमिस पंक्टाटा म्हणतात. उत्तर प्रदेशात ‘सुंदरी’ हे नाव आहे. त्याची पाठ फार तर सव्वा फुटाची. तिच्यावर इतर कासवांसारखे खवल्यांचे तुकडे नसतात, चिवट कातडी असते. क्षिप्रा चंबळेला व चंबळ यमुनेला मिळते. या गंगेच्या खोऱ्यातील कासवांच्या पाठीवर व डोक्यावर पिवळे ठिपके असतात. दक्षिणेकडील कासवांची पाठ बिनठिपक्यांची असते. खरी ओळख मात्र पोटाकडे. तेथे मागील बाजूस कातडीचे दोन पडदे असतात. पाय आत ओढले की ते झाकणासारखे मिटतात. डिवचल्यास हे कासव चावते, हेही ध्यानात ठेवावे.

उथळ, संथ पाणी आणि मऊ चिखल त्याला मानवतो. तळे, कालवा, भातखाचर, कोठेही ते राहते. बेडूक, गोगलगायी, पाणवनस्पती व मेलेले प्राणीही खाते, त्यामुळे पाणी कुजत नाही. पाणी आटू लागले की एकतर दुसरे पाणी शोधत निघते, नाहीतर चिखलात रुतून पावसाची वाट पाहते. तेव्हा त्याच्या शरीराचे व्यवहार मंदावतात. मादी काठाच्या मातीत खड्डा करून २ ते १४ गोल, टणक अंडी घालते.

म्हणूनच ‘पाणी स्वच्छ राहील’ म्हणून कासव विहिरीत सोडण्याची आपली जुनी रीत मला पसंत नाही. बांधीव विहिरीतून त्याला बाहेर पडता येत नाही, अंड्यांना माती मिळत नाही. शिवाय कासवांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांनी जुलाब व ताप येतो, आणि लहान मुलांना तो अधिक बाधतो. तेच पाणी आपण पितो ना? प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यातही चिखल नसतो, व गुळगुळीत काठ चढता येत नाही. तेथे एका कोपऱ्याला दोरखंडाची जाळी सोडावी.

‘वीस नखांचे कासव धन देते’ असे सांगत फिरणारे दलाल गावात येतात. या कासवाच्या प्रत्येक पायाला तीनच नखे, म्हणजे एकूण बारा. बाकी हिशेब ज्याचा त्याने करावा. दम्यावर वा मूळव्याधीवर त्याचे रक्त औषधी आहे, ही समजूतही निराधार आहे; दमेकऱ्याला दवाखान्यातच न्यावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात हे कासव आहे. ते पकडणे वा विकणे यासाठी ३ ते ७ वर्षे कैद व किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

तेव्हा गाळ काढताना सर्वांत ओला कोपरा शेवटी, हाताने उकरावा. कासव सापडल्यास दोन्ही बाजूंनी पाठ धरून उचलावे, ओल्या पोत्याने झाकावे, आणि जवळच्या ओल्या गाळात किंवा तळ्यात सोडावे. जखमी असेल तर वनरक्षकाला कळवावे. मग हात साबणाने धुवावेत.