रोपांभोवती आग कशाला?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत जॉर्जिया राज्यात राहते. तिच्या घराजवळच्या पाइनच्या लागवडीत तण जाळायला मुद्दाम आग लावतात म्हणे, तीही रोपं उभी असताना! आम्ही रोपांभोवती भांगलण करतो. तिथली रोपं जळत नाहीत का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मुलीने पाहिलेली रोपं बहुधा लाँगलीफ पाइनची असावीत. हा पाइन लावल्यावर दोन-तीन वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ उंच होतच नाही. लांबून पाहणाऱ्याला तो गवताचा झुबकाच वाटतो. या काळात त्याची सगळी ताकद सोटमुळात जाते. बुंधा साधारण अडीच सेंटिमीटर जाड झाला, की मगच शेंडा वर निघतो. भोवती गवत माजलं तर ते पाणी आधी पितं आणि बुंधा भरायला आणखी वर्षं जातात. त्यात स्वीटगम, ओक यांची झुडपं सावली धरतात, ती या उन्हाच्या झाडाला सोसत नाही. झुडपं नुसती कापली तर एकाला चार फुटवे येतात.

तो झुबका हाताने बाजूला करून पाहा. मधोमध रुपेरी खवल्यांचा कोंब दिसेल आणि त्याभोवती लांबलचक ओल्या सुयांची दाट गुंडाळी. जमिनीत ओल असताना, बेताच्या वाऱ्यात लावलेली आग झरझर पुढे सरकते. सुया करपतात, कोंब वाचतो. झुडपांचे कोंब उघडे असतात, ते मरतात. सुयांवर तपकिरी ठिपके पाडणारी बुरशीही जुन्या सुयांबरोबर जळून जाते.

मात्र वेळ चुकली तर नुकसान ठरलेलं. नुकतीच लावलेली रोपं आगीत टिकत नाहीत. शेंडा निघाल्यापासून पुरुषभर उंची होईपर्यंतचा काळही नाजूकच. म्हणून पहिल्या वर्षी ओळीवर पट्टा धरून, पाइनला सोसेल असं तणनाशक मारतात.

एकेकाळी अमेरिकेच्या आग्नेय भागात या पाइनची सुमारे 9 कोटी एकर जंगलं होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस जेमतेम 30 लाख एकर उरली. लाकूडतोड आणि शेती ही मोठी कारणं, पण तिथल्या आगी थांबवल्या हेही एक कारणच.

एक कळकळीची विनंती. हे वाचून आपल्या डोंगरावर कुणी काडी लावू नये. आपण लावलेल्या जांभूळ, करंज, आवळ्याच्या रोपांना असलं चिलखत नसतं. तिथे तुमचं खुरपंच योग्य, आणि उन्हाळ्याआधी काढलेली जाळरेषा.