पहिली रोड बाइक : वाढत्या अंगाची नको!



ह्या वेळचा धडा सायकलीचा आहे. शाळेतल्या कुणाची तरी बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची सायकल दिसते आणि "मलाही रोड बाइक हवी" अशी मागणी घरी येते. मग दोन प्रश्न उभे राहतात : कोणती घ्यायची, आणि घेतल्यावर तिच्यातले काय बदलायचे? आम्ही दोघेही इंजिनिअर, त्यामुळे आमच्या घरी असे प्रश्न मोजपट्टी आणि कॅल्क्युलेटर घेऊनच सुटतात. त्यातून जे हाती लागले ते इथे देत आहोत.

धड्याचे सार एका वाक्यात सांगतो. शरीर जिथे सायकलला टेकते आणि सायकल जिथे रस्त्याला टेकते, तिथे आधी लक्ष द्यावे आणि तिथेच आधी पैसा घालावा. शरीर टेकते पाच जागी : दोन हात, दोन पाय आणि बैठक. सायकल टेकते दोन जागी, म्हणजे दोन टायर. बाकी सगळे नंतर.

१. माप

आपल्याकडे शिंप्याला सांगायची पद्धत आहे, "जरा वाढत्या अंगाचा शिवा." गणवेशाला ते चालते, कारण बाही दुमडता येते. सायकलची दांडी दुमडता येत नाही. मोठ्या सायकलवर मूल ताणून बसते, बोटे ब्रेकपर्यंत नीट पुरत नाहीत, थांबताना तोल जातो. चार दिवस हौसेने चालवते, मग मान दुखते म्हणते, आणि सायकल गॅरेजच्या भिंतीला टेकते ती टेकलेलीच राहते. म्हणून सायकल आजच्या मापाची घ्यावी. सीट वर करता येते, हँडल धरणारा स्टेम लांब घालता येतो. म्हणजे थोड्या वाढीची सोय त्यातच असते. पुढे लहान झाली की धाकट्या भावंडाला द्यावी किंवा विकावी. म्हणूनच पहिली सायकल सेकंड-हँड घेण्यात काही कमीपणा नाही. मात्र फ्रेम शक्यतो अॅल्युमिनियमची बघावी. कार्बनच्या जुन्या फ्रेमला आत तडा गेला असेल तर तो वरून दिसेलच असे नाही.

माप असे घ्या. बूट काढून भिंतीला पाठ लावून उभे राहा. पावलांत वीतभर अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन पायांमध्ये घट्ट वर सरकवा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. ही पायाची आतली लांबी. तिला ०.८८३ ने गुणले की पायडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. टूर द फ्रान्स जिंकणारा पहिला अमेरिकन ग्रेग लेमाँड (१९८६) ह्याच्यामुळे हे सूत्र सर्वत्र माहीत झाले. उदाहरणार्थ, लांबी ७६ सें.मी. असेल तर ७६ × ०.८८३ = ६७.१ सें.मी. ही फक्त सुरुवात समजा. ताळा असा करा : सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की गुडघा जेमतेम सरळ व्हावा.

मग दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर उभे राहा. दांडी आणि शरीर ह्यांत दोन बोटे तरी जागा हवी. हँडलच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही पकडींतून ब्रेक दाबून पाहा.

पालकांसाठी एक सूचना : भारतातल्या बऱ्याच सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. इथे अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सायकलींना डावा ब्रेक पुढचा असतो. मुलांची सायकल तपासायला तुम्ही चक्कर मारणार असाल तर हे आधी लक्षात घ्या.

२. टायर

हवेच्या टायरचा इतिहास एका मुलाच्या सायकलीपासूनच चालू होतो. १८८७ साली बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलप ह्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. भारतात आई-बाबांनी ज्या सायकलींत हवा भरली, त्यांच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हलाही डनलपचेच नाव आहे. रोड बाइकचा व्हॉल्व्ह वेगळा, बारीक असतो आणि त्याला प्रेस्टा म्हणतात. वरची छोटी चक्री सैल केल्याशिवाय त्यात हवा जात नाही. पंप घेताना हे बघून घ्या.

टायरवर "२८-६२२" असे आकडे दिसतील. २८ म्हणजे टायरची रुंदी आणि ६२२ म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ह्यालाच दुकानात "७००" चा टायर म्हणतात, पण त्यात ७०० मि.मी. असे काहीच मोजता येत नाही! आजोबांच्या काळ्या सायकलचा "२८ इंची" टायर ६३५ चा असतो, म्हणून तो इथे बसणार नाही. नावावर जाऊ नका, आकडा वाचा.

जुन्या रोड बाइकला बहुधा २३ चे टायर असतात. फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली जागा असेल तर २५ किंवा २८ चे चांगले टायर घालणे हा आमच्या मते पहिला बदल. टायर रुंद असला की हवा थोडी कमी चालते, हादरे कमी बसतात, पकड वाढते. टायरवर छापलेला दाब हा कमाल दाब असतो. ४० किलोच्या मुलाला तेवढ्या हवेची गरज नसते.

३. गिअरचे गणित

पुढच्या चक्रीचे दाते भागिले मागच्या चक्रीचे दाते, म्हणजे पायडलच्या एका फेरीत मागचे चाक किती वेळा फिरते ते. २८ च्या टायरसकट चाकाचा व्यास ६२२ + २८ + २८ = ६७८ मि.मी. त्याला ३.१४ ने गुणा : परीघ सुमारे २.१३ मीटर. आता पाहा, पायडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते :

५० / ११ : चाकाचे ४.५५ फेरे, ९.७ मीटर
३४ / २८ : चाकाचे १.२१ फेरे, २.५९ मीटर
३४ / ३४ : चाकाचा १ फेरा, २.१३ मीटर

आपल्या बे एरियातला ओल्ड ला होंडा रोड घ्या. सुमारे सव्वातीन मैलांत सुमारे १,२५० फूट चढ. नवा सायकलवाला तिथे ताशी ९ कि.मी. वेगाने चढला, तर मिनिटाला १५० मीटर होतात. ३४/२८ वर पाय मिनिटाला ५८ वेळा फिरतील, ३४/३४ वर ७०. काम तेवढेच, पण दर फेरीला गुडघ्यावरचा भार कमी. म्हणून डोंगराजवळ राहणाऱ्यांनी दुसरा बदल मागच्या चक्र्यांचा करावा. आधी दुकानात विचारा की मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, ३४ दात्यांपर्यंत पोचतो का आणि साखळीची लांबी पुरते का. सोपा गिअर वापरण्यात लाज कसली? टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेलरला बंदी होती, आज त्याच्याशिवाय कुणी शर्यतीत उतरत नाही.

४. हलके भाग आणि मोठी नावे

मुले बहुधा इथूनच सुरुवात करतात! समजा महागडी चाके घेऊन ५०० ग्रॅम वाचले. स्वार ६० किलो, सायकल १० किलो, एकूण ७०. म्हणजे बचत ०.७ टक्के. वरचा चढ ३५ मिनिटांचा, म्हणजे २,१०० सेकंदांचा धरला, तर वाचतील फार तर १५ सेकंद. अर्ध्या लिटर पाण्याचेही वजन ५०० ग्रॅमच असते. (पाणी मात्र प्यायचेच!)

शिमानो ह्या जपानी कंपनीच्या भागांत क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा, ड्युरा-एस अशी चढती भाजणी तुम्हाला सेकंड-हँड सायकलींवर दिसेल. वर जाल तसे वजन घटते, मागच्या चक्र्या बहुधा वाढतात, किंमतही वाढते. नीट जुळवलेले सोरा हे न जुळवलेल्या अल्टेग्रापेक्षा केव्हाही चांगले. शिवाय भाग एकमेकांशी जुळावे लागतात : ९ चक्र्यांचा लिव्हर ११ चक्र्यांवर चालत नाही. एक भाग बदलायला जावे आणि चार बदलावे लागावे, असे होते. म्हणून वरचा संच हवाच असेल तर तो बसवलेलीच सायकल शोधणे स्वस्त पडते.

५. फुटपट्टीची परीक्षा

साखळीचा प्रत्येक दुवा अर्ध्या इंचाचा. नव्या साखळीचे २४ दुवे, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत, बरोबर १२ इंच भरतात. १२ इंच आणि वर एक-सोळांश भरले तर साखळी बदला. एक-अष्टमांश होईपर्यंत थांबलात, तर मागच्या चक्र्याही झिजलेल्या असतील आणि दुप्पट खर्च येईल. तीच गोष्ट ब्रेकच्या रबरांची. वेळेवर बदललेली साखळी आणि रबरे हाच सगळ्यात शहाणा "अपग्रेड".

स्वाध्याय

(१) आई किंवा बाबांच्या मदतीने स्वतःच्या पायाची आतली लांबी मोजा, सीटची उंची काढा आणि सध्याच्या सायकलशी ताडून पाहा.
(२) सायकलच्या पुढच्या आणि मागच्या चक्र्यांचे दाते मोजा. सर्वांत सोपा गिअर कोणता? पायडलच्या एका फेरीत सायकल किती मीटर जाते? अंगणात खडूच्या खुणा करून उत्तर तपासा.
(३) हे शब्द वापरून पाच वाक्ये लिहा : दांडी, साखळी, दाते, परीघ, झीज.

उत्तरे पुढच्या शनिवारी वर्गात आणा. आणि नव्या सायकलची मागणी घरी करायची असेल, तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे हातात घेऊनच करा. आम्ही पालक आकड्यांपुढे लवकर नमतो.