खोकत मेली की खटकन?

मे महिन्यातली गोष्ट. आजी महिनाभर आमच्याकडे रामटेकला राहायला आली होती. नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तिची दुपारी 12 ची वेळ ठरलेली. तिची फाईल कामठीला मामाकडे होती, म्हणून बायपास सोडून मी कन्हान गावातून निघाले. गाडी बाबांची, 1989 ची, कार्ब्युरेटरवाली. कन्हानच्या बाजारात दहा-बारा मिनिटं गर्दीत अडकले, पुढे पुलावर चढले आणि निम्म्या पुलावर गाडी थांबली. मागे ट्रकांचे हॉर्न, शेजारी 82 वर्षांची आजी. शेवटी एका टेम्पोतली दोन मुलं उतरली आणि त्यांनी ढकलत ढकलत गाडी कामठीच्या बाजूला काढली. डॉक्टरांची वेळ चुकली.

संध्याकाळी मामाच्या अंगणात गाडीचं बोनट उघडं होतं. मामाने कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये 31 वर्षं जीपा आणि डंपर दुरुस्त केले. आता तो निवृत्त आहे, पण पाने अजून तेल लावून ठेवतो.

मामा : आधी एक सांग. गाडी खोकत मेली की खटकन मेली?

मी : म्हणजे?

मामा : खटकन म्हणजे दिवा घालवल्यासारखी. एका क्षणात सगळं शांत. तसं झालं तर करंट गेला समजायचं. वायर निसटली असंल, कॉइल गेली असंल, पॉइंट खराब झाला असंल. खोकत म्हणजे आचके देते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ओढत नाही, न मग मरते. तेव्हा पेट्रोल पोहोचून नाही राहिलं. निम्मा आजार इथंच कळते.

मी : खोकत. बाजारातच दोनदा आचके दिले होते तिने.

मामा : बाजारातच? न तरी तू पुलावर चढली?

मी : उशीर होत होता मामा. पण मला ते नाही विचारायचं. पुलावर गाडी थांबली, आजी आत. तिला खाली उतरवायचं की आतच बसू द्यायचं? मला तेव्हा काही सुचलं नाही.

मामा : सांगतो. आधी आजार समजून घे. गरमचा काटा कुठं होता?

मी : मध्यावर. वाफ नव्हती.

मामा : मग रेडिएटर नाही. तरी सांगून ठेवतो, गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण कधी उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असते, म्हणून शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटला, न ते पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येते. वर्कशॉपात एका पोराचा हात असा भाजलेला मी पाहिला आहे. बरं, सेल्फ कसा फिरत होता?

मी : सुरुवातीला जोरात. नंतर नंतर मंद झाला.

मामा : म्हणजे बॅटरी चांगली होती, तू ती संपवली. ते पुढं बोलू. हे पाय, हा एसी पंप.

त्याने इंजिनच्या बाजूला बसवलेल्या मुठीएवढ्या डब्यावर बोट ठेवलं. त्यातून एक बारीक नळी वर कार्ब्युरेटरकडे जात होती. नळीचा वीतभर भाग इंजिनला जवळजवळ चिकटून होता.

मामा : याच्या आत एक पडदा आहे, डायफ्राम. इंजिन फिरलं की तो खालीवर होते न मागच्या टाकीतून पेट्रोल ओढते. पण तो पातळ पेट्रोल ओढायले बनवला आहे, वाफ ओढायले नाही. पेट्रोल म्हणजे काही एकच वस्तू नाही, पुष्कळ जातींचं मिश्रण आहे. हलकी जात 35-40 अंशांलाच उकळायले लागते, जड जात 200 च्या आसपास. आता आपल्याकडचा उन्हाळा घे. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश होतं. हे सावलीतलं. बोनटखाली काय असंल?

मी : म्हणजे नळीतच पेट्रोल उकळतं?

मामा : नळीत न पंपात बुडबुडे धरतात. डायफ्राम दाबते, बुडबुडा दबते. डायफ्राम सोडते, बुडबुडा फुगते. पेट्रोल जागचं हलत नाही. कार्ब्युरेटरची वाटी कोरडी पडते न गाडी खोकते. व्हेपर लॉक म्हणतात याले. बाजारात तू हळू चालून राहिली होती, समोरून वारा नाही, न पेट्रोलही कमी लागून राहिलं. म्हणजे तेच पेट्रोल गरम नळीत जास्त वेळ बसलं.

मी : मग उभी केली की थंड व्हायला पाहिजे ना? मी तर दहा मिनिटं थांबून थांबून सेल्फ मारला.

मामा : इथंच सगळे चुकतात. इंजिन बंद झालं की पंखाही बंद, पाण्याचं फिरणंही बंद. आतली सगळी गरमी वर येते न पंपावर बसते. पहिली दहा-पंधरा मिनिटं पंप आणखीनच तापते. बोनट उघडायचं, अर्धा तास सेल्फले हात लावायचा नाही. आधी वास घेऊन पाहायचं, पेट्रोल कुठं गळत तर नाही. मग ओलं फडकं पिळून पंपावर न या नळीवर ठेवायचं. फक्त इथंच. इंजिनच्या तापल्या लोखंडावर गार पाणी टाकलं तर ते तडकते, न डिस्ट्रिब्युटर भिजला तर करंटही जाते.

मी : एका फडक्याने इतका फरक?

मामा : घरात कूलर काहून लावतो आपण? कोरडी हवा ओल्या वाळ्यातून गेली की गार होते. तेच हे. आपल्या हवेत फडकं दहा मिनिटांत सुकते, न सुकता सुकता पंपाची गरमी घेऊन जाते. मुंबईच्या दमट हवेत इतकं लागू नाही पडणार. आम्ही जीपच्या नळीला गोणपाटाची पट्टी गुंडाळून सुतळीने बांधत होतो. न आताचं पेट्रोल तर विचारूच नको. त्यात 20 टक्के इथेनॉल. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्या त्या हिशेबानं बनल्या, पण या 1989 च्या डायफ्रामले, या जुन्या रबराले ते मानवत नाही. रबर फुगते, कडक होते. कोणी विचारलं का आपल्याले? वीस वर्षांवरच्या गाडीच्या फेरनोंदणीची फी आता 10,000 केली. 2022 च्या आधी 600 होती. माणसानं जपून ठेवलेली वस्तू भंगारात घाल, असंच सांगून राहिले.

मी : ते बरोबर आहे. मी डायफ्राम न नळ्या बदलून घेते. पण मामा, आजी.

मामाने हातातला पाना खाली ठेवला.

मामा : माझी माय होती ती गाडीत. तुझा फोन येईपर्यंत मले माहीत नव्हतं न, हे बरंच झालं.

मी : म्हणूनच विचारते. ट्रक इतक्या जवळून जात होते की गाडी हलायची. उतरवावं तर तिचे गुडघे, बसू द्यावं तर मागून कोणी ठोकेल ही भीती.

मामा : तर ऐक. बंद गाडी रस्त्यात उभी असली तर माणूस आत ठेवायचा नाही. मागून धडक बसली तर सगळा मार आतल्या माणसाले बसते. रहदारीच्या बाजूचं दार उघडायचं नाही, डाव्या दारानं उतरवायचं, कठड्याच्या बाजूला न्यायचं, न गाडीच्या मागं नाही उभं करायचं, पुढं चालवत न्यायचं. गाडीच्या पन्नास पावलं मागं लाल त्रिकोण ठेवायचा. तुझ्या गाडीले चारी इंडिकेटर एकदम लागायची सोय नाही, तर डिकी उघडी ठेवायची, लांबून दिसते. बायपासवर असती तर 1033 लावायचा, तो राष्ट्रीय महामार्गाचा नंबर आहे. गावात असलं तर 112.

मी : ती पन्नास पावलं चालू शकत नाही. 44 अंशांत पुलावर उभी तर राहूच शकत नाही.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मामीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तो पाणी प्यायला आणि मग बोलला, तेव्हा आवाज खाली आला होता.

मामा : मग तिच्यासाठी पुलावर उत्तर नाही, पोरी. तिचं उत्तर बाजारात होतं. पहिला आचका आला न, तिथंच. गाडी मरायच्या आधी तुले दोनदा सांगून चुकली होती. त्या दोन आचक्यांच्या मधला वेळ इंजिनसाठी नसते, माणसासाठी न जागेसाठी असते. कुठल्या दुकानाच्या सावलीत घेतली असती, मायले खुर्ची भेटली असती, पाणी भेटलं असतं. फडकं लावून अर्ध्या तासात निघाली असती. पूर्वी या रस्त्याले झाडं होती, कुठंही थांबता येत होतं. रस्ते रुंद झाले न सावली गेली. आता सावली दिसली की ती लक्षात ठेवत जायचं, पेट्रोल पंप लक्षात ठेवतो तशी.

मी : आणि तरीही पुलावरच पडली असती तर?

मामा : तर इंजिन मेलं तेव्हा गाडीले वेग होता ना? तुझ्या गाडीचं स्टिअरिंग इंजिनवर चालत नाही, मेल्यावरही तसंच फिरते. नव्या गाड्यांचं जड होते. तोच वेग वापरून क्लच दाबून एकदम डावीकडे घ्यायची होती. न एवढंही नाही जमलं तर आणखी एक गोष्ट. पहिला गिअर टाक, क्लचवरचा पाय काढ, न चावी मार. इंजिन नाही लागणार, पण सेल्फची मोटर चाकं फिरवते. गाडी गचके देत सरकते. दोन-चार सेकंद मारायचा, थांबायचं, पुन्हा मारायचा. सेल्फ तापते, म्हणून फार नाही. पण रस्त्याच्या मधून कठड्यापर्यंत येते.

मी : हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

मामा : बॅटरी त्याच्यासाठी राखायची असते. तू ती सुकलेल्या कार्ब्युरेटरवर खर्च केली. न पहिल्या आचक्याले मले फोन काहून नाही केला? दहा मिनिटांच्या अंतरावर तर होतो.

मी : तुम्ही रागवाल वाटलं. गाडी विका म्हणाल.

मामा : रागावलो असतोच. विका नसतो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नागपुरातून डायफ्राम आणि पेट्रोलच्या नव्या नळ्या आणल्या. मामाने नळी इंजिनपासून दोन बोटं लांब घेतली आणि गोणपाट गुंडाळून बांधली. मी बेल्ट, टायर, स्टेपनीबद्दल विचारलं, त्यावर तो नुसताच ‘ठीक आहे’ म्हणाला. डिकीत आता पाच लिटर पाणी, दोन सुती फडकी, लाल त्रिकोण, दोराचं बंडल आणि आजीसाठी एक घडीची खुर्ची आहे. खुर्ची मामाने स्वतः ठेवली.

डॉक्टरांनी आजीला पुढची वेळ सकाळी 8 ची दिली आहे. आम्ही रामटेकहून सहाला निघणार आहोत, फाईल आधीच घरी आणून ठेवली आहे.